काय खाऊन आलात?

व्यायाम शिकवणारी बाई जेवणाची चौकशी करू लागली की पेशंट जरा सावध होतो. गुडघा किती वाकतो, कंबर कुठे धरते, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना, हे विचारणं आमचं कामच आहे, ते त्याला मान्य असतं. पण 'सकाळी काय खाऊन आलात?' म्हटलं की भुवई वर जाते. एका काकांनी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही फिजिओ ना? मग हा डाएटचा विषय कुठून निघाला?" पुण्यात असा प्रश्न अपमान करायला विचारत नाहीत, खुलासा मागायला विचारतात. तेव्हा खुलासा केला.

मी पाय सरळ ठेवून उचलायला लावते, खुर्चीतून उठबस करायला लावते, थेराबँड म्हणजे रबरी पट्टा ओढायला लावते, तेव्हा स्नायूला वाढायचा हुकूम सुटतो. तो हुकूम पाळायला लागणारी प्रथिनं काही माझ्या क्लिनिकमधल्या मशीनमधून येत नाहीत. ती स्वयंपाकघरातून येतात. आमच्या साडेचार वर्षांच्या शिक्षणात पोषण म्हणजे जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकातली काही पानं होती, परीक्षा झाली की मिटलेली. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ साली ठरावच केला, की आहाराची चौकशी करणं, प्राथमिक माहिती देणं आणि आवाक्याबाहेरचं असेल तेव्हा आहारतज्ज्ञाकडे पाठवणं हा आमच्या कामाचा भाग आहे. ठराव चांगलाच आहे. पण तो नसता तरी हा विषय टाळता आला नसता, कारण पेशंट स्वतःच सांगत असतात. ऑर्थोपेडिक सर्जनसमोर माणूस पाच-सात मिनिटं बसतो आणि एक्स-रेवर बोलतो. माझ्याकडे तो आठवड्यातून तीनदा येतो, आणि शेक घेत पंधरा मिनिटं पालथा पडलेला माणूस जितकं खरं बोलतो तितकं समोरासमोर बसून कोणी बोलत नाही. सुनेच्या हातच्या भाजीत तेल किती असतं इथपासून रात्री झोप लागत नाही म्हणून डब्यातली किती बिस्किटं संपतात इथपर्यंत सगळं कळतं.

अंथरुणात पडून राहण्याने काय होतं याचा एक अभ्यास २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. धडधाकट, साठी ओलांडलेल्या डझनभर माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, शस्त्रक्रिया नाही, जेवण शिफारशीप्रमाणे. दहा दिवसांत दोन्ही पायांतून मिळून सरासरी जवळपास एक किलो वजन गेलं, आणि ते चरबीचं नव्हतं, मुख्यतः स्नायूंचं होतं. आता गुडघा बदललेली आमची पुण्यातली आजी घ्या. तिला वेदना आहेत, जखम भरायची आहे, मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर पहिल्या महिन्यात निम्म्याहूनही खाली येतो. नेमक्या त्याच महिन्यात घरातले सगळे तिला सांगत असतात, "हलकं खा."

हे हलकं म्हणजे काय, ते मी एकदा कागदावर उतरवून काढलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दहाला वाटीभर पोहे. दुपारी दोन पोळ्या, दुधी नाहीतर पडवळ, पातळ वरण आणि मूठभर भात. चारला पुन्हा चहा, बरोबर चिमूटभर भडंग. रात्री मऊ खिचडी, नाहीतर दूध-भात. पोट भरतं, पचतं, कोणाची तक्रार नाही. प्रथिनांची बेरीज केली तर तीस ग्रॅमच्या आसपास येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५५ किलोच्या आजीला ४६ ग्रॅम, तेही ती ठणठणीत असताना. पासष्टीपुढच्यांसाठी युरोपातल्या वृद्धवैद्यक संस्थेने जमवलेल्या तज्ज्ञगटाने २०१३ साली किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगितले, आणि आजारी असेल तर १.२ ते १.५. हा हिशेब धरला तर शस्त्रक्रियेनंतरच्या आजीला दिवसाला ६५ ग्रॅम तरी लागतील. तिला मिळतात त्याच्या निम्मे. आणि मग दीड महिन्याने मुलगा विचारतो, "मॅडम, रोज व्यायाम करते, तरी पायात ताकद का येत नाही?"

उतारवयातल्या स्नायूची आणखी एक खोड असते. तरुण स्नायू थोड्याशा प्रथिनांवरही कामाला लागतो. म्हाताऱ्या स्नायूला एका जेवणात वीस-पंचवीस ग्रॅमचा नैवेद्य दाखवावा लागतो, तेव्हा तो हलतो. दिवसभर चिमूट चिमूट देऊन तो राजी होत नाही. व्यायामाने हा हट्टीपणा थोडा कमी होतो, म्हणून व्यायाम आणि जेवण एकमेकांच्या जवळ आणावं लागतं. आपल्याकडे त्यात अडचण अशी की सकाळचा चहा-टोस्ट आणि पोहे मिळून पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाहीत. पोह्यांवर माझा राग नाही. पुण्यात राहून पोह्यांशी वैर कोण धरेल? पण शेंगदाणे मुक्त हस्ताने घाला, वर मोडाचे मूग टाका, बाजूला वाटीभर दही घ्या, आणि आठवड्यातून तीन दिवस पोह्यांच्या जागी मुगाचं धिरडं करा, एवढं तरी मागणं मागता येतं.

खरी गंमत पुढे आहे. सांधे दुखायला लागले की मराठी घरात पहिली कुऱ्हाड डाळींवर पडते. हरभरा वातूळ, वाल वातूळ, पावटा तर विचारूच नका. मटकीची उसळ रात्री नको. तुरीने पित्त होतं. दही थंड, ताकाने सर्दी होते. आंबट म्हणजे सांध्यांचा वैरी, म्हणून लिंबू, चिंच, टोमॅटो, आवळा सगळे हद्दपार. शेवटी पानात उरतो मऊ भात, तूप आणि मीठ. एका काकूंनी गुडघेदुखीसाठी कडधान्यं दोन वर्षांपासून सोडली होती आणि गुडघा काही कमी झाला नव्हता. तो का झाला नाही असं त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, उलट आता भेंडीही बंद करावी का, असं मला विचारत होत्या.

वाताबद्दल मी वाद घालत नाही. या शहरात दर दोन गल्ल्यांमागे एक वैद्य आहेत आणि त्यांतले चांगले वैद्य पथ्य सांगताना औषध आणि मुदत दोन्ही सांगतात. घरी येईपर्यंत मुदत गळून पडते आणि पथ्य मात्र जन्माचं होतं. मी काकूंना एवढंच सांगते की कडधान्याने पोटात वायू होतो हे खरंच आहे. त्यात काही शर्करा अशा असतात की लहान आतड्यात त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पण तो पोटातच राहतो, गुडघ्यात जात नाही. भिजवून पाणी फेकून दिलं, मोड आणले, नीट शिजवलं की या शर्करा बऱ्याच कमी होतात, आणि हिंग-ओव्याची फोडणी आपल्या आज्यांनी काही उगाच शोधलेली नाही. मुगापासून सुरुवात करा, अर्धी वाटी, दुपारच्या जेवणात. आठवडाभराने मटकी. लिंबाचं तर उलटंच आहे. अस्थिबंध, कुर्चा, जखमेवरची नवी कातडी हे सगळं ज्या कोलॅजेनचं बनतं, ते तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. सांधा दुखतो म्हणून आवळा बंद करणं मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

याच्याच जोडीला हल्ली युरिक ॲसिड आलं आहे. पॅकेजमधल्या रक्ततपासणीत आकडा जरा वर दिसला, कधी बोट सुजलेलं नसतं की अंगठा लाल झालेला नसतो, पण घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान निघतं: डाळी बंद. अमेरिकेतल्या ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार, वाढलेला दिसला. ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन जास्त असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत तो वाढला नव्हता, आणि दुधाचे पदार्थ खाणाऱ्यांत तर कमी होता. ज्याला खरोखर गाउटचे झटके येतात त्याने डॉक्टरांचं ऐकावं, तिथे मी मध्ये पडत नाही. पण नुसत्या आकड्याला भिऊन शाकाहारी माणसाने वरण सोडलं तर खायचं काय?

उपासांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात श्रद्धा असते आणि श्रद्धेला ग्रॅम लावता येत नाहीत. फक्त साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही, एवढं लक्षात ठेवावं. खिचडीत दाण्याचा कूट सढळ, वर दही, आणि जमेल तेव्हा राजगिरा. चातुर्मासात हे सांगितलं तर कोणी रागावत नाही. 'उपास सोडा' म्हटलं तर पुढची अपॉइंटमेंट रद्द होते.

"पण मॅडम, वजन तर भरपूर आहे, आणखी खायला कशाला सांगता?" हा पुढचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. याचं उत्तर देताना मला आमच्या शहराचा थोडा अभिमान वाटतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं मधुमेहावर काम केलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून निराळे. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका फोटोने जितकं पोचलं तितकं जाडजूड अहवालांनी पोचलं नसतं. म्हणून 'वजन भरपूर' याचा अर्थ 'स्नायू भरपूर' असा होत नाही, आणि अंगाने किडकिडीत माणूसही सुटत नाही.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आणखी एक काम मला रोज उपयोगी पडतं. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांत त्यांनी ब१२ जीवनसत्त्व मोजलं तेव्हा दोन तृतीयांश लोकांत ते कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात प्रमाण त्याहून जास्त. तळपायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, अशा तक्रारी घेऊन कोणी आलं की माझा हात आधी तोलाच्या व्यायामाकडे जात नाही. आधी विचारते, ब१२ कधी तपासलंय? दूध-दही किती? अंडं खाता का? मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी किती वर्षं चालू आहे? कारण त्या गोळीनेही ब१२ उतरतं. मग फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी. एका पायावर उभं राहायचा सराव नंतरही करता येतो.

वजनकाट्यावर भरवसा नाही म्हणून मी शिंप्याकडची टेप ठेवते. पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजायचा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली गेलं तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यायची. दुसरी तपासणी त्याहून स्वस्त: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायचं. सोसायटीच्या बाकावर बसून या तपासणीच्या शर्यती लागलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या लागाव्यात अशीच माझी इच्छा आहे. एक काका म्हणाले, पर्वतीच्या पायऱ्या रोज चढतो, मला काय धाड भरली आहे! त्यांना चौदा सेकंद लागले. ते गप्प बसले नाहीत, घड्याळात खोट काढली.

जाड माणसाचं वजन उतरवायचं असतं तेव्हाही हेच गणित उलटं चालतं. गुडघ्याच्या झिजेत एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ४५४ जणांना दीड वर्ष अभ्यासलं. आहार आणि व्यायाम दोन्ही एकत्र करणाऱ्यांची वेदना नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. पण इथेही 'रात्रीचं जेवण बंद' हा पुणेरी तोडगा कामाचा नाही. वजन उतरतं, त्याबरोबर मांडी उतरते, आणि गुडघा होता त्याहून उघडा पडतो. पोळी-भात थोडा कमी करा, साखर-तळण कमी करा, डाळ-दही-पनीर-अंडं यांना हात लावू नका.

तरुणांचे प्रश्न निराळे. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की मनगटं, खांदे आणि कंबरा घेऊन मुलं-मुली येतात. संध्याकाळी सात ते दहा ढोल, आधी वडापाव, नंतर चहा, दुसऱ्या दिवशी ऑफिस. त्यांना मी सांगते त्यातलं निम्मं विसर्जनानंतर करतात. पहाटे वेताळ टेकडीवर पळणाऱ्या एखाद्या सडपातळ मुलीची नडगी पुन्हा पुन्हा दुखते तेव्हा मात्र मी गंभीर होते आणि पाळी नियमित आहे का, ते विचारते. पळण्यात जेवढं जळतं तेवढं पोटात जात नसेल तर पाळी बिघडते, हाड कच्चं राहतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली याला स्वतंत्र नाव दिलं. अशा मुलीला नुसता बर्फ लावून आणि पोटरीचं स्ट्रेचिंग देऊन पाठवणं बेजबाबदारपणाचं आहे.

कोणतं अन्न चांगलं हे सांगणं सोपंच असतं. ते शिजवणार कोण, यावर सगळं अडतं. एक जोडपं आठवतं. दोघं सत्तरीचे, मुलगा-सून परदेशात. काकांचा खुबा मोडून बदललेला. काकू वहीत लिहून घ्यायच्या: सकाळी मुगाचं धिरडं, अकराला दूध, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी चण्याची मूठ. काका तीन महिन्यांत काठी टाकून चालायला लागले. मी त्यांच्या पोटरीवर टेप लावत होते तेव्हा सहज काकूंना म्हटलं, तुमचीही मोजू या. ती काकांपेक्षा बारीक निघाली, आणि खुर्चीतून उठताना त्यांनी हात टेकले. त्यांचं स्वतःचं जेवण म्हणजे सगळं आवरून झाल्यावर उरलेली पोळी आणि चहा. "एकटीसाठी कोण धिरडं घालत बसणार?" म्हणाल्या. एकटी कशी, घरात दोघं आहात की! पण वहीतला मजकूर 'यांच्यासाठी' होता. त्या दिवसापासून मी पेशंटबरोबर येणाऱ्या बाईचंही ताट विचारते. त्याचा तक्ता मिळत नाही आणि फीही लावता येत नाही.

माझी हद्द कुठे संपते ते मला ठाऊक असावं लागतं. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला प्रथिनं वाढवायला सांगणं धोक्याचं आहे, तिथे किडनीचे डॉक्टर बोलतील. इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या जेवणाच्या वेळा मी हलवत नाही, पण तो काही न खाता व्यायामाला आला असेल तर साखर उतरून त्याला घाम फुटेपर्यंत थांबतही नाही, आधी खायला लावते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवा किंवा बंद करा, यातलं काहीच माझ्या तोंडून निघता कामा नये. मोजून मापून आहाराचा तक्ता देणं आहारतज्ज्ञाचं काम. २०२१ च्या कायद्याने फिजिओ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही एकाच राष्ट्रीय आयोगाखाली आणलं, पण वेगवेगळ्या गटांत. ते वेगळेपण योग्यच आहे. पावडरचे डबे क्लिनिकच्या काउंटरवर मांडून विकणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही.

अशात एका आजोबांचं प्रकरण चालू आहे. पत्नी गेल्यापासून सदाशिव पेठेत एकटेच राहतात, दोन्ही वेळा डबा येतो. तीन पोळ्या, भाजी, भात, आणि वरण म्हणून जे येतं त्यातून डब्याचा तळ दिसतो. मी म्हटलं, डबेवाल्या ताईंना घट्ट वरण द्यायला सांगा. त्यांनी सांगितलं. ताई म्हणाल्या, जमेल, दहा रुपये जास्त पडतील. आजोबांनी तत्त्वाचा प्रश्न केला: पाणी कमी घालायचे पैसे कसले? वाद आठवडाभर चालला. मग त्यांनीच वाड्यातल्या आणखी चार डबा घेणाऱ्यांना गोळा केलं, माझा संदर्भ देऊन प्रत्येकाच्या पोटऱ्या मोजल्या, आणि पाचजणांचं मिळून सहा रुपयांवर ठरलं. आता वरणात चमचा उभा राहतो असं ते सांगतात. खुर्चीतून उठबस मात्र दिवसातून दोनदा सांगितली आहे ती एकदाच करतात. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आधी सहा रुपयांचं वसूल होऊ द्या, मग बघू."